खोल समुद्रातला मासा तुटलेले अंग पुन्हा घडवतो का?

अंबाझरीकर (धागाकर्ता)

नमस्कार. गेल्या आठवड्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एक चित्रफीत आली. काळ्याभोर पाण्यात एक मासा दिसतो, त्याचा मागचा अर्धा भाग नाहीसा झालेला असतो, आणि खाली लिहिलेले असते की हा मासा चार हजार मीटर खोलीवर राहतो व काही दिवसांत उरलेले शरीर पुन्हा उगवून घेतो. माझी नात यंदा अकरावीला आहे. तिने विचारले, "आजोबा, हे खरे आहे का?" मी नागपुरातच तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले, तरी मला तिला एका शब्दात उत्तर देता आले नाही. मासे गमावलेले अवयव पुन्हा घडवतात हे अगदी खरे आहे, पण चित्रफितीत सांगितल्याप्रमाणे अर्धे धड परत आणणारा मासा कोणत्याही पाण्यात नाही. यकृत, मूत्रपिंड, आतडे एकदम गेल्यावर तो जगणार तरी कशावर? मग माशाला नेमके काय जमते, आणि खोल समुद्रात त्यातले किती जमते, हे नीट मांडावे म्हणून हा धागा सुरू करीत आहे.

सुरुवात घरापासून करतो. आमच्या बैठकीत काचेची एक टाकी आहे आणि तिच्यात दुकानदार ज्याला नुसते 'झेब्रा' म्हणतात ते मासे आहेत. बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे आडवे पट्टे असलेला हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांचा आणि धानाच्या बांध्यांचा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांचे वर्णन करताना त्याची शास्त्रात नोंद केली. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत आणले, आणि आज अवयवांच्या पुनर्जननाबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्याचा फार मोठा भाग या एवढ्याशा माशाने शिकवलेला आहे.

दोन वर्षांपूर्वी जुलैत आमच्या टाकीतला एक झेब्रा गाळणीच्या नळीत ओढला गेला आणि त्याच्या शेपटीच्या पराचा खालचा निम्मा भाग फाटून गेला. मी टाकीच्या मागच्या काचेला आलेखकागद चिकटवला आणि रोज सकाळी त्याच जागी मासा आला की छायाचित्र काढू लागलो. दुसऱ्या दिवशी जखमेच्या कडेवर पातळ, पारदर्शक पापुद्रा धरलेला दिसला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिथे दुधी काचेसारखी एक किनार आली. त्यानंतर त्या किनारीत पराच्या काड्या बारीक रेघांसारख्या उमटू लागल्या, पुढे सरकत गेल्या, टोकाशी दुभंगल्या, आणि सगळ्यात शेवटी निळा पट्टा भरला. सतरा-अठरा दिवसांत कुठे फाटले होते ते शोधावे लागावे अशी स्थिती झाली. नळीच्या तोंडाला मी तेव्हाच स्पंज लावायला हवा होता. तो लावला नाही, म्हणून त्याच वर्षी डिसेंबरात दुसऱ्या माशाचे तसेच झाले, आणि ही माझी चूक मला अजून टोचते. पण त्यामुळे एक गोष्ट दिसली. टाकीला तापक नव्हता, नागपूरच्या थंडीत पाणी १९-२० अंशांवर आले होते, आणि जवळपास तेवढीच जखम भरून पर पूर्ण व्हायला पाच आठवड्यांहून अधिक काळ लागला. हा फरक ध्यानात ठेवावा, कारण खोल समुद्राकडे जाताना तो लागणार आहे.

आत काय घडते ते सांगतो. जखम होताच कडेच्या त्वचेतल्या पेशी सरकत येऊन काही तासांत ती झाकून टाकतात. आपल्या जखमेवरही त्वचा येते, पण तिच्याखाली वण तयार होतो आणि काम तिथेच थांबते. माशात त्या नव्या त्वचेखाली ब्लास्टेमा नावाचा पेशींचा पुंजका जमतो. पूर्वी असे मानत की या पुंजक्यातली कोणतीही पेशी हाड, त्वचा, रक्तवाहिनी, काहीही होऊ शकते. २०११ च्या सुमारास पेशींना खुणा करून त्यांचा माग काढला गेला तेव्हा कळले की हाड घडवणाऱ्या पेशी थोड्या मागे जातात, विभागतात आणि पुन्हा हाडच घडवतात; रंगपेशी रंगपेशींनाच जन्म देतात. म्हणजे तिथे प्रत्येक कारागीर आपल्याच कामावर परत येतो. याहून मला नवल वाटते ते मापाचे. पर टोकाशी कापला तर वाढ सावकाश होते, बुडाशी कापला तर वेगाने होते, आणि दोन्ही साधारण एकाच वेळी मूळ मापावर येऊन थांबतात. टॉमस हंट मॉर्गन हे पुढे फळमाशीवरच्या कामाने प्रसिद्ध झाले, पण त्याआधी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यांनी माशांच्या परांवर नेमके हेच पाहिले होते. उरलेल्या खुंटाला आपण कुठे कापले गेलो आहोत हे कसे उमजते, यावर आजही काम चालू आहे.

आता खोल पाणी. दर दहा मीटरला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो, म्हणून चार हजार मीटरवर तो पृष्ठभागाच्या सुमारे चारशे पट असतो. कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवली तरी ही खोली भरत नाही. हजार मीटरच्या खाली सूर्यप्रकाश नाही, पाणी बहुतेक ठिकाणी दोन ते चार अंशांवर, आणि अन्न म्हणजे वरून झिरपणारा चुरा किंवा क्वचित पडणारे एखादे कलेवर. माझ्या डिसेंबरच्या झेब्राला १९ अंशांवर दुप्पट वेळ लागला. मग तीन अंशांवर, अर्धपोटी असलेल्या माशाला 'काही दिवसांत' शरीर परत मिळणे कसे शक्य आहे? तिथले जीवनच संथ आहे. ऑरेंज रफी नावाचा खोल पाण्यातला मासा दोनशे वर्षांहून अधिक जगतो आणि वयात यायलाच त्याला काही दशके लागतात.

मात्र संथ म्हणजे अशक्य नव्हे. खोल समुद्रातल्या ग्रेनेडियर कुळातल्या माशांची शेपटी तुटते आणि तिथे नवी वाढ होते हे मत्स्यशास्त्रात पूर्वापार माहीत आहे. आपल्या या धाग्यावर सागरी सर्वेक्षणाचा अनुभव असलेले कोणी असेल तर त्यांनी यावर अवश्य लिहावे. मी हे मासे फक्त चित्रात पाहिले आहेत.

सागरी तंत्रज्ञ

सर, नमस्कार. मी मूळचा नागपूरचा, सदरमध्ये वाढलो, आणि बारा वर्षे कोचीहून निघणाऱ्या सर्वेक्षण जहाजांवर तंत्रज्ञ म्हणून काम केले. देशाच्या मधोमध, झिरो माइलच्या गावातून निघून समुद्रावर काम करणाऱ्याला प्रत्येक सुट्टीत हाच प्रश्न विचारला जातो की खाली असते तरी काय, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ग्रेनेडियर आम्ही अरबी समुद्रातही काढले आणि बंगालच्या उपसागरातही. डोके मोठे, डोळे टपोरे, आणि धड मागे निमुळते होत होत चाबकाच्या वादीसारखे संपते. इतर माशांसारखा शेपटीचा पंखा त्यांच्यापैकी बहुतेकांना नसतोच. ही वादी नाजूक असते आणि फार सहज तुटते. नऊशे मीटरवरून खेच वर आली की जाळ्यातल्या माशांत काहींची शेपटी ताजी तुटलेली असते. तिथे रक्त आणि उघडे मांस दिसते. पण काहींची शेपटी खूप आधीच तुटलेली असते. ती बोथट संपते, टोकावर त्वचा पूर्ण धरलेली असते आणि तिच्यावर परासारख्या बारीक काड्यांचा एक आखूड झुबका आलेला असतो. नव्या माणसाला वाटते की ही वेगळीच जात आहे, कारण हिला शेपटीचा पंखा आहे. आमच्या पहिल्या सफरीत मीही तसा एक मासा वेगळ्या बादलीत ठेवला होता, आणि आमच्याबरोबरच्या ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी तो उचलून, बोटाने ते टोक चाचपून, परत मूळ बादलीत टाकला होता.

या तुटण्याचा परिणाम मापावर होतो. एरवी मासा मोजताना तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजतात. ग्रेनेडियरची ती लांबी विश्वासार्ह धरत नाहीत. तोंडापासून गुदद्वारामागच्या पराच्या सुरुवातीपर्यंतच पट्टी लावतात, कारण त्यापुढचे शरीर मूळचे किती, तुटले किती आणि वाढले किती हे नुसते पाहून सांगता येत नाही. म्हणजे पुनर्जननाचा सर्वांत भक्कम पुरावा आमच्या रोजच्या नोंदवहीतच होता. एका संपूर्ण कुळाची मोजणीची पद्धत त्यामुळे ठरली आहे. मात्र सरांनी म्हटले तसे, तिथे शेपटीचा शेवट नव्याने बांधला जातो. पोट असलेला भाग गेलेला आणि तरी जिवंत राहिलेला एकही मासा मी पाहिला नाही.

आता प्रयोगाची अडचण सांगतो. पुनर्जनन पाहायचे तर तोच प्राणी आठवडेच्या आठवडे जिवंत हवा. नऊशे मीटरवर नव्वद पट दाबाखाली असलेला वायू वर येताना तितक्याच पटींनी फुगू पाहतो. ग्रेनेडियरच्या पोटात वाताशय, म्हणजे वायूची पिशवी, असतो; तो फुगून जठराला तोंडातून बाहेर ढकलतो, डोळे बाहेर येतात, खवले झडतात. जाळे डेकवर उघडते तेव्हा मासा बहुधा मेलेला असतो. दाब टिकवून मासे वर आणण्याच्या टाक्या जगात बनल्या आहेत, पण त्यांत एखादा मासा महिनोन्‌महिने सांभाळून त्याची शेपटी वाढताना पाहणे फार कठीण आहे. म्हणून आपल्या हाती फक्त आधीच भरलेल्या जखमा येतात.

त्या चित्रफितीबद्दल माझा एक अंदाज आहे. खोल पाण्यातले काही प्राणी स्वतःहून अवयव सोडून देतात, पण ते मासे नसतात. कॅलिफोर्नियाजवळच्या मॉन्टेरी उपसागरात एका यंत्रपाणबुडीने ऑक्टोपोट्यूथिस नावाच्या माकुळाला बाटली घासण्याच्या ब्रशने डिवचले, तेव्हा त्याने ब्रशवर झडप घालून आपल्या भुजांची टोके तिथेच सोडली आणि तो निसटला. स्टेफनी बुश यांचे हे काम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा भुजा पुन्हा वाढतात. खोल तळावरच्या समुद्रलिली आणि भंगुरताऱ्यांचे हातही तुटून परत येतात. कोणीतरी या सगळ्यांची गोष्ट एका माशाच्या गळ्यात बांधली असावी.

धंतोलीची डॉक्टर

धागा मन लावून वाचला. मी हृदयरोगाच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे झेब्रा माशाचे नाव निघाले की मला शेपटीपेक्षा त्याचे हृदय आधी आठवते. २००२ साली केनेथ पॉस, मार्क कीटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की या माशाच्या हृदयाच्या मुख्य कप्प्याचा सुमारे पाचवा हिस्सा काढून टाकला तरी मासा जगतो, त्या जागी आधी रक्ताची गुठळी धरते आणि दोन महिन्यांच्या आसपास तिथे पुन्हा आकुंचन पावणारा स्नायू आलेला असतो. २०१० मध्ये दोन स्वतंत्र गटांनी हेही दाखवले की हा नवा स्नायू कोणत्या गूढ मूलपेशींतून आलेला नसून शेजारच्या, आधीपासून धडधडत असलेल्या पेशींच्याच विभाजनातून आलेला असतो.

माझ्याकडे येणाऱ्या रुग्णाच्या हृदयात असे होत नाही. झटक्यात मेलेल्या स्नायूच्या जागी वण येतो. वण घट्ट असतो, त्यामुळे हृदय फाटत नाही, पण तो आकुंचन पावत नाही, आणि उरलेल्या स्नायूवर जन्मभराचा बोजा पडतो. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४ च्या आधारे स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ साली मोजले की पंचविशीत माणसाच्या हृदयस्नायूच्या साधारण १ टक्का पेशी वर्षाला बदलतात आणि पंचाहत्तरीत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली येते. म्हणजे आपल्यात ती क्षमता शून्य नाही, पण झटक्यानंतर उपयोगी पडेल इतकी ती नाही. उंदराच्या एक दिवसाच्या पिलाचे हृदय असे भरून येते आणि सातव्या दिवसापर्यंत ती शक्ती गेलेली असते, हे २०११ मध्ये सिद्ध झाले. त्या सात दिवसांत नेमके काय बंद होते हे कळले तर माझ्या व्यवसायाचे स्वरूप बदलेल, असे मला मनापासून वाटते. आपल्या जवळ, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही झेब्राच्या हृदयावर आणि मणक्यांमधल्या चकत्यांवर असे काम झाले आहे.

माझा प्रश्न असा: खोल समुद्रातल्या कठीण परिस्थितीमुळे तिथल्या माशांत ही शक्ती अधिक तीव्र झाली असेल, असे मानता येईल का? संकट जितके मोठे तितकी भरून येण्याची ताकद मोठी, हा तर्क सामान्य माणसाला पटण्यासारखा आहे.

अंबाझरीकर (धागाकर्ता)

डॉक्टर ताई, प्रश्न योग्य जागी विचारलात. हा तर्क मलाही एकेकाळी पटत असे, पण दोन माशांनी तो मोडून काढला आहे.

पहिला मासा जपानचा मेडाका. तोही भातखाचरांतला, झेब्राएवढाच, टाकीत तसाच सुखाने राहणारा. त्याचा पर परत येतो, पण हृदयाला जखम झाली तर तिथे वणच राहतो. दोघांचे राहणीमान इतके सारखे असून एकाला जे साधते ते दुसऱ्याला साधत नाही.

दुसरा मासा अंधारातलाच आहे, म्हणून आपल्या विषयाला अधिक जवळचा. मेक्सिकोत ॲस्टियानॅक्स नावाचा मासा नद्यांतही राहतो आणि काळोख्या गुहांतल्या डबक्यांतही. गुहेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांचे डोळे गेले, रंग गेला, आणि उपाशी राहण्याची सहनशक्ती वाढली. जात एकच असल्याने दोघांची संततीही होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दोघांच्या हृदयांची तुलना केली गेली. नदीतल्या माशाचे हृदय झेब्रासारखे भरून आले. पाचोन नावाच्या गुहेतल्या माशाच्या हृदयात आपल्यासारखा कायमचा वण राहिला. अंधार आणि उपासमार यांनी पुनर्जननाची शक्ती दिली नाहीच, उलट त्या वंशात ती हरवली. ती गुहेच्या जीवनामुळेच हरवली की योगायोगाने, हा वेगळा मुद्दा आहे, पण कष्टातून वरदान मिळते हा नियम इथे लागू होत नाही एवढे निश्चित. नवा अवयव घडवायला अन्न लागते, ऊर्जा लागते. ज्याच्या ताटात महिन्यातून एकदा पडते त्याने ती ऊर्जा शेपटीवर खर्चावी की अंड्यांवर, याचा हिशेब निसर्ग फार कठोरपणे करतो.

मग ग्रेनेडियरमध्ये ती का टिकली? माझा तर्क असा आहे की त्याला ती शक्ती खोल पाण्याने दिलेली नाही, माशांच्या कुळाचा तो जुना वारसा आहे. पर पुन्हा वाढवण्याची क्षमता हाडे असलेल्या माशांत दूरदूरच्या शाखांमध्ये आढळते. आफ्रिकेतला पॉलिप्टेरस आणि फुप्फुसमासे तर पराच्या काड्याच नव्हेत, त्यांच्या बुडाशी असलेली आतली हाडेही पुन्हा घडवतात, आणि फुप्फुसमासे हे आपल्या, म्हणजे चार पायांच्या प्राण्यांच्या, फार जवळचे नातलग आहेत. ॲमेझॉनच्या नद्यांतल्या विद्युत सुरीमाशांची शेपटी दुसरे मासे कुरतडतात, आणि त्यांना ती मेरुरज्जूसह परत येते. तेव्हा ही शक्ती कोणत्या माशाला मिळाली हे विचारण्यापेक्षा कोणत्या वंशांनी ती गमावली आणि का, हे विचारणे मला अधिक फलदायी वाटते.

सीताबर्डी

एक शंका. खोल समुद्रातल्या दिवा लावून शिकार करणाऱ्या माशाचा नर मादीला चिकटतो आणि दोघांचे शरीर एक होते असे वाचले होते. हे पुनर्जननच म्हणायचे का?

सागरी तंत्रज्ञ

नाही. हे ऊतींचे मीलन आहे, पण पुनर्जननाचे शेजारी म्हणावे इतके जवळचे आहे, म्हणून थोडे लिहितो. हा अँगलर मासा. १९२२ साली आइसलँडच्या एका अभ्यासकाला एका मादीला चिकटलेले दोन इवलेसे मासे दिसले आणि त्यांनी ती तिची पिले मानली. १९२५ मध्ये टेट रीगन यांनी ओळखले की असे चिकटलेले मासे नर असतात. काही जातींत नर मादीच्या अंगाला चावतो, दोघांची त्वचा जुळते, रक्तवाहिन्या जुळतात, आणि पुढे नर तिच्याच रक्तावर जगतो.

आपल्याकडे मूत्रपिंड बसवताना शरीर परक्या ऊतीला नाकारते, म्हणून आयुष्यभर औषधे घ्यावी लागतात, हे डॉक्टर ताईंना सांगायला नको. मग मादी नराला कशी स्वीकारते? २०२० मध्ये जर्मन आणि अमेरिकन संशोधकांनी या माशांच्या जनुकांचा अभ्यास केला, तेव्हा दिसले की ज्या जातींत नर कायमचा जोडला जातो त्यांच्यात प्रतिपिंडे आणि टी-पेशी, म्हणजे परक्या गोष्टीला ओळखून रोखणारी शरीराची यंत्रणा, यांच्याशी संबंधित महत्त्वाची जनुके निकामी झाली आहेत किंवा नाहीशीच झाली आहेत. इतकी मोठी ढाल टाकून देऊनही ते खोल पाण्यात जगतात. जखमेच्या जागी दोन जिवांचे मांस वण न धरता एक होते, हे दृश्य मी एकदाच, फॉर्मॅलिनच्या बरणीत पाहिले. नराचे तोंड कुठे संपते आणि मादीचे पोट कुठे सुरू होते ती रेघ मला भिंग लावूनही सापडली नाही.

त्रिमूर्तीनगरची आई

माझा मुलगा नववीत आहे. हा धागा त्याला वाचून दाखवल्यापासून विज्ञान प्रदर्शनासाठी झेब्रा मासा आणून त्याची शेपटी थोडी कापावी आणि वाढ मोजावी असे तो म्हणतो आहे. हे करू द्यावे का?

अंबाझरीकर (धागाकर्ता)

ताई, कृपा करून करू देऊ नका. प्रयोगशाळेत हे काम माशाला भूल देऊन, परवानगी घेऊन, शिकलेले हात करतात. घरी कात्री लावली तर जखमेला बुरशी धरते आणि मासा तडफडून मरतो. माझ्या टाकीतल्या दोन माशांना जे झाले ते अपघाताने झाले, आणि तेही टाळता आले असते. मुलाची उत्सुकता मात्र मोडू नका. त्याला दुसरे काही देता आले तर पाहावे.

मालगुजारी तलाव

ते दुसरे काही माझ्याकडे आहे. माझे वडील भंडारा जिल्ह्यातल्या एका ढिवर सोसायटीत मासेमारी करीत, आता मी नागपुरात नोकरी करतो, आणि इथल्या 'मंगळवारी' नावाच्या बाजारातून दर रविवारी मासा आणतो. तलावातल्या मरळीची शेपटी कधी कधी एका बाजूने तिरपी आणि कडेने फिकी असते. वडील तिला 'खाऊन भरलेली' म्हणत. म्हणजे कोणीतरी खाल्लेली आणि पुन्हा भरून आलेली. पण शाळकरी मुलाला याहून सोपी गोष्ट खवल्यांची आहे.

रोहू किंवा कटला साफ करून घेताना खवले मागून घ्यावेत. ते कोमट पाण्यात धुऊन, बोटांनी चोळून, दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून भिंगाखाली धरावेत. मूळच्या खवल्यावर मधल्या ठिपक्यापासून बाहेरपर्यंत अगदी जवळ जवळ वलये असतात, कापलेल्या झाडाच्या खोडासारखी. मासा वाढतो तसा खवलाही वाढतो, म्हणून सुरुवातीपासूनची नोंद त्यात राहते. पण खवला निघून गेला तर त्या जागी नवा येतो, आणि तो मात्र जुन्याचे माप गाठण्यासाठी झपाट्याने वाढतो. त्यामुळे त्याच्या मधोमध वलये नसतात. तिथे नुसता धुरकट, खडबडीत कोरा भाग असतो आणि वलये कडेला, पुढे कधीतरी सुरू होतात. मत्स्यविभागातले लोक माशाचे वय काढताना असे खवले बाजूला टाकतात, कारण त्यांत लहानपणाची नोंद नसते. मला हे एका शिबिरात शिकवले गेले. मुलाच्या प्रदर्शनासाठी जिवंत माशाला हात लावण्याची गरजच नाही.

सागरी तंत्रज्ञ

उत्तम सांगितलेत. ग्रेनेडियरचेही असेच आहे. लांबीवर भरवसा नाही, म्हणून त्याचे वय काढताना कानातला खडा कापून त्यातली वलये मोजतात. शेपटी तुटते, खवला झडतो, पण तो खडा कवटीच्या आत असतो. तो कधी नव्याने येत नाही.

अंबाझरीकर (धागाकर्ता)

आज रविवार. नातीला घेऊन मंगळवारी बाजारात गेलो आणि दीड किलोची रोहू घेतली. विक्रेत्या बाईंना आम्ही सांगितले की खवले एकत्र न करता डाव्या बाजूचे पाठीपासून पोटापर्यंत ओळीने काढून द्या; त्यांनी आश्चर्याने पाहिले, पण नातीने कारण सांगितल्यावर पाटावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी ते अगदी क्रमाने मांडून दिले. घरी येऊन आम्ही त्यांतले चाळीस खवले धुतले आणि माझ्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पाहिले.

चौतीस खवल्यांत मधापासून वलये होती. सहांत नव्हती. त्या सहांच्या मधोमध पिठी सांडल्यासारखा कोरा भाग होता आणि त्याच्या कडेपासून वलये सुरू होत होती. नातीने वर्तमानपत्रावर त्यांच्या जागा पेन्सिलीने गिरवल्या, तेव्हा पाच खवले एकमेकांना लागून, पाठीच्या पराखाली, तिरप्या पट्ट्यात आले. सहावा दूर, पोटाकडे होता. बाहेरची वलये मोजून तिने सांगितले की पाचांचीही वलये जवळपास सारखी आहेत, म्हणजे ते पाचही एकाच वेळी गेले असले पाहिजेत. बगळ्याची चोच लागली असेल, किंवा जाळ्याच्या दोरीत एकदा अडकून ती रोहू सुटली असेल.

तिने त्या तिरप्या पट्ट्याचे चित्र वहीत काढले आहे, आणि उद्या ती ते त्रिमूर्तीनगरच्या मुलाला नेऊन दाखवणार आहे. ताई, संध्याकाळी पाचनंतर घरी असाल तर कळवावे. सूक्ष्मदर्शकही बरोबर आणतो.